जुन्या अमेरिकन विनोदी मालिकांमध्ये समलैंगिक पात्रं फक्त टिंगलीसाठीच असायची का?

बहुतेकदा हो, पण सरसकट नाही. 1971 चंच घ्या. 'ऑल इन द फॅमिली'च्या पाचव्याच भागात मालिकेचा नायक आर्ची बंकर जावयाच्या एका नाजूकसाजूक मित्राची यथेच्छ टर उडवतो. गंमत अशी, की समलैंगिक असतो तो आर्चीचा स्वतःचा दोस्त स्टीव्ह, माजी फुटबॉलपटू, चांगला धिप्पाड गडी. बारमध्ये पंजा लढवता लढवता तो ते शांतपणे सांगून टाकतो आणि आर्चीचा विश्वासच बसत नाही. हसं होतं ते आर्चीचं. हा भाग पाहून खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन भडकले होते. त्यांची ती बडबड व्हाइट हाउसच्या टेपांवर आहे!

अॅनिमेशनमध्ये माझ्या मते 'द सिम्पसन्स'चा 1997 मधला 'होमर्स फोबिया' हा भाग सगळ्यात सरस. फॉक्स या वाहिनीच्या सेन्सॉरने आधी विषयालाच नकार दिला होता. त्यातल्या जॉन या समलैंगिक पात्राचा आवाज दिग्दर्शक जॉन वॉटर्स यांचा, जे स्वतः उघडपणे समलैंगिक. मालिकेतला बाप होमर याला जॉन आवडतो, पण खरं कळल्यावर तो धास्तावतो आणि मुलगा बार्टला 'मर्द' बनवायला पोलादाच्या कारखान्यात नेतो. तिथले झाडून सगळे कामगार समलैंगिक निघतात, सुट्टी होताच कारखान्याचा डिस्को होतो. या भागाला एमी हा टीव्हीचा पुरस्कारही मिळाला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'एलेन' या मालिकेच्या नायिकेने आपण लेस्बियन असल्याचं विमानतळावर चुकून चालू माइकसमोर सांगितलं. मालिका पुढच्याच वर्षी बंद पडली. 'फ्रेंड्स'मधले त्याच काळातले चँडलर या पात्राला समलैंगिक समजण्यावरचे विनोद मात्र आज बघवत नाहीत.