उतारवयात मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया

प्रश्न : माझे वडील ७९ वर्षांचे आहेत. लघवीतून रक्त जात असल्याने दुर्बिणीतून तपासणी केली, तेव्हा मूत्राशयाचा कर्करोग स्नायूच्या थरापर्यंत पोहोचल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी मूत्राशय काढण्याचा सल्ला दिला आहे. या वयात ही शस्त्रक्रिया त्यांना झेपेल का?

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. पुरुषांमध्ये मूत्राशयाबरोबर प्रोस्टेट ग्रंथी व आसपासच्या लसिकाग्रंथी काढतात आणि लघवीला नवी वाट देण्यासाठी बहुधा लहान आतड्याचा तुकडा वापरतात. बारकाईने नोंद ठेवली, तर सर्व वयांत मिळून निम्म्याहून अधिक रुग्णांना काही ना काही गुंतागुंत होते : आतड्यांची हालचाल थंडावणे, संसर्ग, शिरांत रक्ताची गुठळी. वृद्धांमध्ये यात हृदयाचे विकार, न्यूमोनिया आणि शस्त्रक्रियेनंतरचा भ्रम यांची भर पडते. हा धोका घरी परतल्यावरही काही आठवडे राहतो. म्हणून सर्जनना पहिल्या ९० दिवसांतील धोका विचारा.

मात्र केवळ वयावरून नकार देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. वडील किती चालू शकतात, अलीकडे वजन घटले आहे का, हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे व स्मरणशक्ती कशी आहे, यांवरून वयापेक्षा अधिक नेमका अंदाज येतो. त्यांची तब्येत नाजूक असेल, तर आतड्याला हात न लावता मूत्रवाहिन्या थेट पोटाच्या त्वचेवर उघडणारी तुलनेने छोटी पद्धतही असते.

काहीच न करणे हा सुरक्षित मार्ग नाही; रक्तस्राव, वेदना आणि मूत्रपिंडांवरील दाब वाढत जातो. गाठ एकच असेल, ती दुर्बिणीतून पूर्ण काढता येत असेल आणि मूत्रपिंडाला सूज नसेल, तर त्यानंतर रेडिओथेरपी व केमोथेरपी एकत्र देऊन मूत्राशय राखण्याचा पर्याय आहे. त्यासाठी कर्करोगतज्ज्ञांचे स्वतंत्र मत घ्या. अर्थात पुढे नियमित दुर्बिणीची तपासणी चुकवता येणार नाही.

शस्त्रक्रिया केल्यास लघवी गोळा करण्यासाठी पोटावर बहुधा कायमची पिशवी बाळगावी लागेल, हे वडिलांना आधीच सांगा आणि निर्णय त्यांच्याशी बोलूनच घ्या. दरम्यान धूम्रपान बंद, प्रथिनयुक्त आहार आणि रोजचे चालणे सुरू करावे. आधी केमोथेरपी द्यायची नसेल, तर निदानापासून तीन महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया होणे हितावह असते, त्यामुळे दुसऱ्या मतासाठीची भेट याच आठवड्यात ठरवा.