कोब्रा संपताना : वर्गणीचे डॉक्टर विम्याची जागा घेतील का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी ४६ वर्षांचा, पत्नी ४३ वर्षांची आणि मुलगी ११ वर्षांची आहे. नोकरी सोडून मी स्वतंत्र सल्लागार म्हणून काम सुरू केले. जुन्या कंपनीचा कोब्राखालचा (नोकरी सुटल्यावरही तोच विमा स्वतःच्या पैशाने काही काळ चालू ठेवण्याच्या कायदेशीर सोयीखालचा) विमा ३० जून २०२६ रोजी संपतो. यंदाचे उत्पन्न १,१८,००० डॉलर होईल. तिघांसाठी सिल्व्हर प्लॅनचा हप्ता महिना १,८०० डॉलर आणि ब्रॉन्झचा (हप्ता कमी, पण उपचाराच्या वेळी खिशातून खर्च जास्त) १,३९० डॉलर सांगितला आहे. जवळच एका डॉक्टरांकडे ‘डायरेक्ट प्रायमरी केअर’ची, म्हणजे ठरावीक मासिक वर्गणीत नेहमीची तपासणी आणि सल्ला देण्याची सोय आहे; तिघांची वर्गणी महिना २०५ डॉलर, त्यात माझी ९०. मला मधुमेह आहे. विमा सोडून फक्त हेच घ्यावे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण पत्रासोबत डॉक्टरांचा करारनामा पाठवलात हे बरे झाले. त्याच्या दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत ‘हा करार आरोग्य विमा नाही’ असे वाक्य आहे आणि त्याखाली सहीसाठी वेगळी जागा सोडली आहे. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या वाक्यातच आहे. विमा सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र वर्गणी भरूच नये, असे मी म्हणणार नाही.

आपल्यासारख्या मधुमेही माणसाला या व्यवस्थेचा खरा उपयोग आहे. डॉक्टर विमा कंपनीला बिल पाठवत नाहीत, त्यामुळे थोडे रुग्ण घेऊन प्रत्येकाला वेळ देणे त्यांना परवडते. दर तीन महिन्यांची एचबीए१सी (रक्तातील साखरेच्या सरासरीची) तपासणी, गोळीचा डोस बदलणे, पायाला झालेली जखम फोटो पाठवून दाखवणे, ही कामे अपॉइंटमेंटसाठी आठवडे न थांबता होतात. गावाकडचे फॅमिली डॉक्टर आठवतात, असे आपण लिहिले आहे. मला ते पटते, पण गावाकडचे डॉक्टरही ऑपरेशनसाठी मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठीच देत असत.

माझ्या एका अशिलाचा मुलगा रविवारी संध्याकाळी बागेत झोपाळ्यावरून पडला. वर्गणीच्या डॉक्टरांनी फोटो पाहून दहा मिनिटांत उत्तर दिले : हाड मोडलेले दिसते, ताबडतोब इमर्जन्सीत न्या. सल्ला अचूक होता. त्यानंतरच्या दोन महिन्यांत घरी पाच वेगवेगळी पाकिटे आली : अँब्युलन्सचे, रुग्णालयाचे, इमर्जन्सीतल्या डॉक्टरांच्या गटाचे, एक्स-रे वाचणाऱ्याचे आणि हाड बसवणाऱ्याचे. यांपैकी एकाही बिलाशी वर्गणीचा संबंध नव्हता. त्या कुटुंबाचा विमा चालू होता, म्हणून ते निभावले. विम्याचे मोल असे की नेटवर्कमधील, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांतील उपचारांवर आपल्या खिशातून जाणाऱ्या रकमेला मर्यादा असते. २०२६ साठी ती एका व्यक्तीला जास्तीत जास्त १०,६०० आणि कुटुंबाला २१,२०० डॉलर आहे. वर्गणीत अशी मर्यादा कुठेच नाही.

दुसरी अडचण मुदतीची आहे. कोब्रा संपल्यावर विशेष नोंदणीसाठी ६० दिवस मिळतात. ते दवडले आणि सप्टेंबरात काही गंभीर निदान झाले, तर नोव्हेंबरची नेहमीची वार्षिक नोंदणी करूनही विमा जानेवारीतच सुरू होईल. शिवाय न्यू जर्सीत विमा सक्तीचा आहे. केंद्राचा दंड २०१९ पासून शून्य झाला, राज्याचा मात्र त्याच वर्षी सुरू झाला, आणि वर्गणी भरल्याने तो टळत नाही.

आता मुख्य हिशोब, कारण आपण १,८०० आणि २०५ हे दोनच आकडे समोर ठेवले आहेत. हप्त्यावरील वाढीव केंद्रीय सवलत २०२५ अखेर संपल्यामुळे उत्पन्नाची जुनी रेषा परत आली; उत्पन्न तिच्या वर गेले की केंद्रीय सवलत मिळत नाही. २०२६ च्या विम्यासाठी तिघांच्या कुटुंबाला ती १,०६,६०० डॉलर आहे. आपण तिच्या जेमतेम ११,४०० वर आहात. सोलो ४०१-के (स्वतंत्र व्यावसायिकाच्या निवृत्ती बचतीच्या) खात्यात १०,००० आणि हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये (उपचारांसाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) ४,००० डॉलर भरले, तर या कामापुरते आपले उत्पन्न १,०४,००० धरले जाईल. त्या पातळीवर आपला वाटा उत्पन्नाच्या ९.९६ टक्के, म्हणजे महिना सुमारे ८६३ डॉलर ठरतो. आपण कळवलेला सिल्व्हर प्लॅन हाच आपल्या भागातील दुसऱ्या क्रमांकाचा स्वस्त सिल्व्हर प्लॅन असेल (सवलत त्याच्याच हप्त्यावरून ठरते), तर उरलेले ९३७ डॉलर सवलत म्हणून मिळतील आणि ती सवलत ब्रॉन्झला लावल्यास हप्ता १,३९० वरून ४५३ वर येईल. त्यात आपली एकट्याची वर्गणी धरली तरी महिन्याला ५४३ डॉलर होतात. म्हणजे विमा सोडून आपण १,६०० नव्हे, तर ३३८ डॉलर वाचवणार आहात.

इथे एक सावधगिरी बाळगावी लागेल. वर्षअखेरीस आपल्या ग्राहकाकडून एखादे मोठे बिल वसूल होऊन उत्पन्न रेषेच्या एक डॉलरनेही वर गेले, तर घेतलेली सगळी केंद्रीय सवलत परत करावी लागते. परतफेडीवरची कमाल मर्यादा २०२६ पासून काढून टाकली आहे. म्हणून नोव्हेंबरात एकदा हिशोब तपासावा आणि गरज पडल्यास ४०१-के मधील भरणा वाढवावा.

पूर्वी अशी वर्गणी भरणाऱ्याला हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये पैसे भरण्याची पात्रता गमवावी लागण्याची भीती असे. जुलै २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून ती अट सैल केली आहे : एका व्यक्तीची वर्गणी महिना १५० डॉलरच्या आत आणि एकाहून अधिक जणांची ३०० च्या आत असेल तर पात्रता टिकते, वर्गणी त्याच खात्यातून भरता येते आणि मार्केटप्लेसवरचे ब्रॉन्झ प्लॅनही आता या खात्यासाठी चालतात. मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचा खर्च वर्गणीतच धरलेला असेल तर पात्रता अडचणीत येईल, तेव्हा ते विचारून घ्यावे. कुटुंबाची वार्षिक मर्यादा ८,७५० डॉलर आहे; आपला ब्रॉन्झ जुलैपासून सुरू होणार असल्याने यंदा निम्मी, ४,३७५ धरून चालावे. न्यू जर्सीच्या राज्य करात या भरण्याला वजावट नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

पत्नी आणि मुलीची वर्गणी मी तूर्त भरणार नाही. दोघींची प्रकृती चांगली आहे, आणि वार्षिक तपासणी व लसी ब्रॉन्झमध्येही नेटवर्कमधील डॉक्टरांकडे विनाशुल्क होतात.

प्लॅन निवडताना विमा कंपनीला एक प्रश्न फोनवर न विचारता लेखी विचारावा : नेटवर्कबाहेरील डॉक्टरांनी लिहिलेली रक्ततपासणी, एमआरआय आणि तज्ज्ञाकडे जाण्याची चिठ्ठी आपण मान्य करता का? एचएमओ प्रकारच्या (सहसा फक्त नेटवर्कमधील डॉक्टरांमार्फतच उपचार देणाऱ्या) प्लॅनमध्ये बहुधा येथेच गाडी अडते, आणि मग वर्गणीच्या डॉक्टरांनी सांगितलेलेच काम करून घेण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांची पायरी चढावी लागते. उत्तर होकारार्थी आले, तर ३० जूनपूर्वी ‘गेट कव्हर्ड एनजे’ या राज्याच्या विमा मार्केटप्लेसवर प्लॅन निश्चित करावा, म्हणजे विमा १ जुलैपासून सुरू होईल. करारनाम्यावरची सही त्यानंतर करावी.