ताडोब्याच्या सहलीसाठी पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात घरचे सहा जण, म्हणजे तुम्ही दोघं, दोन मुलं आणि आई-बाबा, पुण्याहून ताडोब्याला निघालाय. सफारीत मोबाइल नेता येत नाही हे बुकिंग झाल्यावर कळलं. घरात आजवर कधी कॅमेरा घेतलेला नाही. बजेट पन्नास हजारांपर्यंत, आणि दुकानदार ६० एक्स झूमचा कॅमेरा पुढे करतोय. घ्यावा का?

माझं मत विचाराल तर, नको. तेवढ्याच पैशांत, किंबहुना थोड्या कमीत, वापरलेला पण नीट तपासून घेतलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि त्यावर १८-१४० ची, म्हणजे १८ ते १४० मिमीची, एकच झूम लेन्स घ्या. मी नागपूरचा. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना जंगलात नेणं आणि आधी फोनवर 'कोणता कॅमेरा आणू' याचं उत्तर देणं, ही दोन्ही कामं आमच्या घरात माझ्याकडे आहेत. त्यामुळे हे नुसतं वाचून सांगत नाहीये.

आधी ते 'एक्स' प्रकरण मिटवू. ६० एक्स म्हणजे लेन्सचं सगळ्यात लांबचं टोक भागिले सगळ्यात जवळचं टोक, बस. वीस मिलिमीटरपासून बाराशेपर्यंत जाणारी लेन्स ६० एक्स होते. या आकड्यातून फोटो कसा येईल याबद्दल काहीच कळत नाही. आपल्याला हवा तो हिशेब वेगळा आहे आणि तो शाळकरी आहे: छत्तीसला फोकल लेंथने भागा आणि वाघाच्या अंतराने गुणा, की फ्रेममध्ये किती रुंदीचा भाग मावतो ते निघतं. (फोकल लेंथ म्हणजे लेन्सचं मिलिमीटरमधलं माप, जेवढं मोठं तेवढं लांबचं जवळ दिसतं. ती ३५ मिमी फिल्मच्या मापात धरायची. छोट्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत बहुधा तीच छापलेली असते.)

आता वाघ वीस मीटरवर आडवा उभा आहे असं समजा. ताडोब्यात हे काही दुर्मीळ नाही, तिथले वाघ रस्त्यावरून जिप्सीच्या पुढे चालत जातात. शेपूट सोडली तर पूर्ण वाढलेला वाघ पावणेदोन-दोन मीटर लांब. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २४ मिमीची, तिच्यात तीस मीटर रुंदीचं जंगल येणार आणि त्यात वाघ मोहरीएवढा. १८-१४० चं लांबचं टोक या मापात २१० मिमी, त्याला साडेतीन मीटरच्या आसपास मावतं, म्हणजे निम्म्याहून अधिक फ्रेम वाघाची. १२०० मिमीला? जेमतेम साठ सेंटिमीटर. वाघाचा एक गाल आणि थोड्या मिशा. शिवाय तेवढ्या झूमवर हलत्या जिप्सीत, बाजूला मुलं उठबस करत असताना, वाघ फ्रेममध्ये सापडवणं हेच मोठं काम होऊन बसतं. सापडेपर्यंत तो बांबूत गेलेला असतो.

लांबचा झूम लांबच्या वाघासाठी, असं दुकानदार म्हणेल. खरं आहे, पण मे महिन्यात नऊनंतर जमीन तापते आणि दूरची हवा थरथरायला लागते. पाणवठ्याच्या पलीकडे दीड-दोनशे मीटरवर बसलेला वाघ कितीही जवळ ओढलात तरी तो पाण्यातून बघितल्यासारखा येतो. त्यावर कोणत्याही किमतीच्या लेन्सचा इलाज नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि माझ्या मते खरा निर्णय इथेच होतो. वाघ हलतो तो पहाटे आणि संध्याकाळी. सफारीही त्याच वेळांना असते. झाडांखाली तेव्हा उजेड फार कमी असतो. ६० एक्सवाल्या कॅमेऱ्यांत सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा आतला तुकडा, असतो साधारण ६.२ बाय ४.६ मिमीचा, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. डीएसएलआरमधला एपीएस-सी नावाच्या मापाचा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिमी, म्हणजे तेरापट मोठा. कमी उजेडात कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेडाबाबतची संवेदनशीलता, वाढवतो आणि छोट्या सेन्सरवर चित्रात दाणे उमटतात, मग कॅमेरा ते दाणे पुसायला जातो आणि त्याबरोबर वाघाच्या अंगावरचे केसही पुसतो. पट्टे राहतात, केस जातात. मोबाइलचा सेन्सरही छोटाच, पण तो एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते जुळवतो म्हणून रात्रीचे फोटो बरे येतात. साध्या झूम कॅमेऱ्यात ती हुशारी फारशी नसते. म्हणून 'मोबाइलपेक्षा कॅमेरा चांगलाच येणार' हे गृहीत धरून पैसे टाकू नका. दुकानात दोन्ही कॅमेरे मागून घ्या, आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या एखाद्या खोक्यावरची बारीक अक्षरं दोन्हींनी टिपा आणि पडद्यावर मोठी करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

मेगापिक्सेलबद्दल एवढंच, की ६ बाय ४ इंचाचा उत्तम प्रिंट काढायला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलही नाही. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. याचा फायदा असा की वाघ पन्नास मीटरवर असला आणि २१० मिमीला फ्रेममध्ये छोटा दिसला, तरी नंतर कापून त्याचा अल्बमात लावण्याजोगा प्रिंट निघतो. कापणं हाच तुमचा उरलेला झूम. म्हणून १८-१४० पुरे म्हणतो.

मग नवीन मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा का नाही? बजेट वाढवता आलं तर जरूर घ्या. निकॉनचा झेड ५० किंवा कॅननचा आर ५० हे दोन्ही हलके आणि शिकायला सोपे आहेत. आर ५० प्राण्याचा डोळा ओळखून फोकस धरतो, नवशिक्याला ती फार मोठी मदत. पण या कॅमेऱ्यांबरोबर बहुधा दोन लेन्सचा संच मिळतो, एक जवळची आणि एक लांबची, आणि अडचण तिथेच येते. मे महिन्यातल्या ताडोब्यात पुढच्या जिप्सीमागे धुळीचा लोट असतो. त्यात लेन्स बदलायची म्हणजे सेन्सर उघडा टाकायचा. मी कुणालाच करू देत नाही. लांबची लेन्स लावून बसलात तर शेजारी बसलेल्या आईचा फोटो येणार नाही, नाकच येईल. आणि मोबाइल जवळ नसणार, तेव्हा घरच्यांचे फोटोही याच कॅमेऱ्याने काढायचे आहेत, हे खरेदी करताना सगळेच विसरतात. १८-१४० ही निकॉनच्या डीएसएलआरवर २७ ते २१० मिमीचं काम करते, म्हणजे जिप्सीतली माणसंही त्यात मावतात आणि रस्त्यावरचा वाघही. कॅननमध्ये १८-१३५ हीच गोष्ट करते.

बिनाव्ह्यूफाइंडरचा, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी नसलेला, कॅमेरा मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. उदाहरणार्थ निकॉनचा झेड ३० घरात, व्हिडिओसाठी छान आहे, पण चंद्रपूरच्या उन्हात मागचा पडदा काळा ठिक्कर दिसतो. डोळ्याला लावलेला कॅमेरा कपाळाच्या आधाराने स्थिरही राहतो. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला एक बारकं चाक असतं, ते फिरवून बाबांच्या चष्म्याचा नंबर साधारण जुळवता येतो. दुकानदार हे क्वचितच सांगतात.

तर नावानिशी सांगायचं झालं तर: निकॉन डी ५६०० आणि १८-१४० व्हीआर (व्हीआर म्हणजे हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर), किंवा कॅनन २०० डी मार्क २ आणि १८-१३५. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, दोन्हींचा मागचा पडदा बाहेर वळतो. वापरलेले असे संच तुमच्या बजेटमध्ये बसतात आणि कार्ड-बॅटरीला पैसे उरतात. वापरलेला घेताना लेन्स काढून तिच्यातून मोबाइलचा टॉर्च आरपार मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लगेच परत द्या. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या लेन्सवर ती बऱ्याचदा असते. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करून, काढा, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण भाव कमी करायला कारण मिळतं. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच आजवर किती क्लिक झाले तो आकडा असतो, इंटरनेटवर फाइल टाकून बघता येतो. कॅननमध्ये बऱ्याच मॉडेलना तसा दिसत नाही. मूळ बिल मागा. नवीन घेत असाल तर जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी, हे दोन्ही असल्याशिवाय पैसे देऊ नका. 'बिल नको असेल तर कमी करतो' हे वाक्य ऐकलं की दुकान बदला.

सोबत ६४ जीबीचं व्ही ३० लिहिलेलं कार्ड आणि एक जास्तीची मूळ कंपनीची बॅटरी. कार्ड ओळखीच्या दुकानातून घ्या, नकली फार फिरतात. नागपूरपर्यंत विमानाने येणार असाल तर सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात चालत नाही. ट्रायपॉड आणू नका, जिप्सीत तो उभा करायला जागा नसते. जुन्या पँटचा एक पाय शिवून त्यात तांदूळ भरा आणि ती पिशवी जिप्सीच्या दांड्यावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. मोठमोठ्या लेन्सवालेही हेच करतात, फक्त त्यांची पिशवी विकतची असते. धुळीसाठी एक सुती दुपट्टा पुरतो. जिप्सी चालू असताना कॅमेरा त्यात गुंडाळलेला राहू द्या. परत आल्यावर आधी ब्लोअरने धूळ उडवा आणि मगच पुसा, नाहीतर काचेवर ओरखडे पडतात. आणि दुपारी कॅमेरा बंद गाडीत ठेवू नका, तिथे बाहेरच पंचेचाळीस अंश असतात.

सेटिंगमध्ये डोकं फार घालू नका. डायल एस वर (कॅननमध्ये Tv वर) ठेवा, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा आणि बाकीचं कॅमेरा बघतो. शटर १/५०० सेकंद, आयएसओ ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ६४००. फोकस सतत चालू राहणारा, म्हणजे निकॉनचा एएफ-सी किंवा कॅननचा एआय सर्वो, आणि एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेणारा बर्स्ट. फार अंधार असेल तर शटर १/२५० वर आणा आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगा. चालू इंजिनची थरथर कुठल्याच स्टॅबिलायझरला पुरती झेपत नाही. फ्लॅश घरूनच बंद करून न्या. प्राण्यांवर फ्लॅश मारायचा नसतो आणि ऑटोवर ठेवलेला कॅमेरा ऐनवेळी तो आपणहून उघडतो.

सहलीच्या किमान महिनाभर आधी कॅमेरा घरात येऊ द्या. सोसायटीतली कुत्री, पर्वतीवरच्या घारी, मुलांची सायकल, जे हलतं ते टिपत राहा. जमलं तर कॅमेरा मुलांपैकी मोठ्याच्या हातात द्या. मुलं आठवड्यात शिकतात आणि बटणांना घाबरत नाहीत. जंगलात मोठ्यांचं लक्ष वाघावर असतं, मुलांचं मात्र सगळीकडे. रानकुत्र्यांची टोळी, गव्याचा कळप, तलावाकाठची मगर हे बहुतेक वेळा आधी मुलांनाच दिसतं.

एवढं करूनही घरात पुढे कुणी कॅमेरा हातात धरणार नाही अशी शंका असेल तर विकत घेऊच नका, भाड्याने आणा. पुण्यात आणि नागपुरात दिवसाच्या भाड्याने कॅमेरे मिळतात. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. घेताना कॅमेऱ्यावरचे ओरखडे दुकानदारासमोरच मोबाइलवर टिपून ठेवा, म्हणजे परत देताना वाद होत नाही.

आणि पन्नास हजारांतले चार-पाच हजार एका दुर्बिणीसाठी बाजूला काढा, ८ बाय ४२ ची (आठपट जवळ दाखवणारी, पुढची काच ४२ मिमीची). जिप्सीत सहा माणसं आणि कॅमेरा एक, म्हणजे एका वेळी एकालाच जवळून दिसणार. आई-बाबांना फोटोपेक्षा वाघ नीट दिसण्यात जास्त रस असेल, हे मी अनेक आजी-आजोबांबरोबर बसून सांगतोय. त्यांना चष्मा असेल तर दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या रबरी कडा आत वळणाऱ्या आहेत ना, ते बघून घ्या. नाहीतर चष्म्यातून अर्धंच चित्र दिसतं.