पाणी, जमीन, जंगल न ओरबाडता उत्पन्न वाढू शकतं का? खानदेशात असं कुठे दिसतं?

वाढू शकतं, पण नुसतं ठिबक लावून भागत नाही. रावेर-यावलच्या केळीत ठिबक कधीच आलं. झाडामागे पाणी कमी लागतं, खतही थेट मुळाशी जातं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लागली आणि बोअर खोलच जात राहिले. बचत एकराची झाली, गावाची नाही.

पाण्याचा हिशेब गावाने मिळून ठेवायची रीत इथलीच आहे. धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवरची फड पद्धत बघा. नदीवर बंधारा, त्यातून पाट, जमिनीचे मोठे फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, पाणी सोडणार पाटकरी, मालकाने स्वतः पाट फोडायचा नाही. पाणी कमी असलं की एखादा फड कोरडवाहू ठेवायचा. (आज पाण्याला मीटर बसवून तरी आपण वेगळं काय करणार?)

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने 1990 च्या दशकात जंगल राखायला घेतलं. झाडी वाढली, विहिरींना पाणी आलं, शेती सुधारली. तिथे वनभाज्यांची स्पर्धाही भरते.

केळीचे खांब मात्र घड कापल्यावर अजून बांधावर सडताना दिसतात. त्यांचा धागा निघतो, उरलेल्या चोथ्याचं गांडूळखत होतं.