नाताळची भेट शोधताना: हिल रोड ते क्रॉफर्ड

तुम्ही विचारलंय की शेजारच्या आंटी दरवर्षी नाताळचं ताट पाठवतात, यंदा त्यांना मनापासून काहीतरी द्यायचंय, हातात एकच सुट्टी आहे, तर मुंबईत कुठे शोधायचं. आमच्या मजल्यावरही अशाच आंटी आहेत, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, घरात मराठीच बोलणाऱ्या. त्यांच्यासाठी मी काही वर्षांपूर्वी अख्खा दिवस पायपीट केली. ती सांगते, तुमची थोडी वाचेल.

सकाळी बांद्र्याला उतरून हिल रोड गाठला. डिसेंबरात तो रस्ता बघण्यासारखाच असतो. कागदी चांदण्या, येशूजन्माच्या गोठ्याचं सामान, झाडाला टांगायच्या घंटा, सगळं दुकानांच्या दारात लटकलेलं. पण तासाभरात कळलं की ही सगळी सजावट आहे, आणि सजावट आंटींकडे आहेच. चांदणी त्यांचा मुलगा दरवर्षी कामट्या बांधून घरी करतो. गोठ्यातल्या मूर्ती सासूबाईंच्या वेळच्या. त्यांच्यात आपण एक नवी नेऊन ठेवावी हे मला बरं वाटेना. एका दुकानात रिबीन बांधलेली तयार टोपली जवळजवळ घेतलीच होती. खालून चाचपली तर अर्धी टोपली कागदाच्या भुग्याने भरलेली. तशी टोपली घेऊ नका. आणि केकही नको. ज्या घरात मनुका कित्येक आठवडे आधीपासून रममध्ये मुरत असतात, तिथे विकतचा केक काय न्यायचा?

हार्बरने सीएसएमटीला निघाले तेव्हा गाडीत मला आदल्या वर्षीचं ताट आठवलं. नेवऱ्या (आपल्या करंज्यांच्या बहिणीच), काट्याच्या पाठीवर वळून तळलेले गोड कलकल, आणि गुलाबी मिल्क क्रीम, म्हणजे साच्यात घातलेल्या दुधाच्या वड्या. पानाच्या आकाराच्या एकाही वडीला टोक नव्हतं. द्राक्षाच्या घोसाचे मणी एकमेकांत मिसळलेले. ताट देताना आंटी म्हणाल्याही होत्या, ‘‘साचा कडक झालाय गो, वडी सुटतच नाय.’’ मी तेव्हा ‘‘चव छान आहे’’ म्हणून विषय संपवला होता. भेट काय हवी ते त्यांनी मला वर्षभर आधीच सांगून ठेवलं होतं.

मग पुढे कुलाब्याला जायचा बेत सोडला आणि चालत क्रॉफर्ड मार्केटला गेले. (नाव महात्मा जोतिबा फुले मंडई, पण रस्ता विचारताना क्रॉफर्डच म्हणा.) त्या भागात केकच्या सामानाची दुकानं आहेत. तिथे मिल्क क्रीम आणि मार्झिपानचे (नाताळातली सुक्यामेव्याच्या पिठाची मिठाई) रबरी साचे मिळतात: गुलाब, शिंपला, मासा, पान, द्राक्षं. साचा हातात घेऊन उलटा दुमडून बघा. चांगलं रबर अंगठ्याच्या दाबाने सहज उलटतं आणि सोडलं की पुन्हा जागेवर येतं. जुन्या मालाला दुमडलं की कडेला बारीक पांढऱ्या भेगा दिसतात. पानाच्या शिरा बोटाच्या टोकाला लागायला हव्यात, नाहीतर वडीवर नक्षी उठत नाही. मी सहा निवडले. दुकानात गर्दी होती, पण एकेक उलटून बघितल्याशिवाय घेतला नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, ही भेट २५ डिसेंबरला देऊ नका. गोडधोड त्याच्या आधीच्या आठवड्यात होतं. नाताळच्या दिवशी दिलेला साचा पुढच्या वर्षीपर्यंत डब्यात पडून राहील. मी दहा-बारा दिवस आधी नेऊन दिले, दिवाळीचा फराळ ज्यातून पाठवला होता आणि जो त्यांच्याकडून परत आला होता, त्याच डब्यात घालून. आंटींनी पानाचा साचा उजेडाकडे धरला, शिरांवरून नख फिरवलं आणि लगेच सुनेला हाक मारली.

तुमच्या आंटी घरी काही करत नसतील तर साचे नकोत. त्यांच्या घरातलं काय झिजलंय, काय जपून वापरतात, ते आठवा आणि मग त्या वस्तूचा बाजार धरा. कापडासाठी क्रॉफर्डच्या समोरच मंगलदास मार्केट आहे, पुस्तकांसाठी फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळ किताबखाना.

सुट्टी रविवारची असेल तर बेत बदला, कारण क्रॉफर्डच्या आजूबाजूची बरीच दुकानं रविवारी बंद असतात. मधल्या वारी अर्धी रजा टाकून सकाळी अकराच्या सुमारास पोहोचा. संध्याकाळी तिथे साचा हातात धरून बघायलाही जागा मिळत नाही.