कपोकला 'सावर' म्हणावं का?

प्रश्न थोडक्यात असा: ॲमेझॉनच्या जंगलावरचा मुलांसाठीचा मजकूर मराठीत आणायचा आहे. त्यात एकाच झाडाला 'कपोक' आणि 'सिल्क कॉटन ट्री' अशी दोन नावं आहेत. दुसऱ्या नावापुढे कोशात 'सावर, शाल्मली' असं सापडतं. मग 'ॲमेझॉनच्या सदाहरित जंगलात सावरीची झाडं साठ मीटर उंच वाढतात' हे वाक्य चालेल का?

नुसतं 'सावर' नको. 'पांढरी सावर' चालेल, आणि माझं मत विचाराल तर 'कपोक'च ठेवा.

मराठी वाचकाला 'सावर' म्हटलं की एकच झाड दिसतं: माघ-फाल्गुनात पानं गाळून बसलेलं, फांद्यांवर तळहाताएवढी लालभडक मांसल फुलं, त्यांवर मैना, कावळे आणि शिंजीर यांची झुंबड. ही काटेसावर, शास्त्रीय नाव बॉम्बॅक्स सायबा. 'शाल्मली' हे नावही तिचंच. 'अस्ति गोदावरीतीरे विशालः शाल्मलीतरुः' अशी हितोपदेशातली पहिली गोष्ट सुरू होते, ती याच झाडावर. शब्दाचा प्रवासही सरळ आहे: संस्कृतात शाल्मली, प्राकृतात सामरी, मराठीत सांवरी आणि सावर. मधल्या 'म'चा 'व' होणं आपल्याला नवं नाही. ग्रामचं गाव आणि नामचं नाव असंच झालं.

ॲमेझॉनचा कपोक म्हणजे सायबा पेंटांड्रा. हे मूळचं मेक्सिकोपासून ॲमेझॉनपर्यंतच्या पट्ट्यातलं आणि पश्चिम आफ्रिकेतलंही झाड. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर एकच जात कशी, हा जुना वाद होता. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाचा निष्कर्ष असा की खंड एकमेकांपासून दुरावल्यानंतर पुष्कळ काळाने या झाडाचं बी समुद्रापलीकडे पोचलं. आपल्याकडे मात्र ते लावलेलं झाड आहे, म्हणून संस्कृतातलं अस्सल जुनं नाव त्याला असण्याचा संभव कमी. काही वनस्पतिकोशांत त्याला 'कूटशाल्मली' म्हटलेलं आढळतं. पण पुराणांतली कूटशाल्मली म्हणजे यमलोकात पाप्यांना छळणारं काटेरी झाड! मुलांच्या मजकुरात ते नाव आणू नका.

गोंधळाचं मूळ लॅटिन नावांतही आहे. 'सायबा' हा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द, तिथल्या कपोकसाठीचा. 1753 साली वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने दोन्ही झाडं बॉम्बॅक्स या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात घातली, आणि 'सायबा' हे जातिनाम (शास्त्रीय नावातला दुसरा शब्द) शेवटी आशियातल्या लाल फुलांच्या झाडाकडे राहिलं. अमेरिकेतल्या झाडाला त्याने पाच पुंकेसरांवरून 'पेंटांड्रम' म्हटलं. पुढे 1791 मध्ये गेर्टनर या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते सायबा या वेगळ्या प्रजातीत नेलं. परिणाम असा की 'सायबा' शब्द एका झाडाच्या नावात आधी येतो आणि दुसऱ्याच्या नावात नंतर. जुन्या भारतीय पुस्तकांत काटेसावरीला 'साल्मालिया मलबारिका' म्हटलेलं दिसेल; त्यातली 'साल्मालिया' म्हणजे आपलीच शाल्मली, लॅटिन पेहरावात. ते नाव आता मागे पडलं, याची मला थोडी हळहळ वाटते.

झाडं ओळखायची तर फुलं बघा, काटे नकोत. कोवळ्या कपोकच्या खोडावरही शंकूसारखे जाड काटे असू शकतात, त्यामुळे मूळ मजकुरातल्या चित्रात काटेरी खोड दिसलं म्हणून ती काटेसावर ठरत नाही. कपोकची फुलं लहान, फिकट पांढरी, घोसाने येणारी. ती रात्री उमलतात, त्यांना उग्र वास असतो आणि परागीभवनाचं काम मुख्यतः वटवाघळं करतात. पुंकेसर पाच. काटेसावरीच्या फुलात पुंकेसरांचा झुबकाच असतो आणि तिचे पाहुणे दिवसा येतात. दोघींची पानं हाताच्या पंजासारखी, दोघींच्या बोंडांत रेशमी कापूस. नावाची सरमिसळ झाली ती त्या कापसामुळेच.

हा कापूस शेतातल्या कापसासारखा नाही, हेही मजकुरात येऊ द्या. शेतातल्या कापसाचे तंतू सरकीवर उगवतात. कपोकचे, आणि सावरीचेही, फळाच्या आतल्या भिंतीवर वाढतात आणि बी त्यात सुटं पडलेलं असतं. तंतू गुळगुळीत, त्यामुळे सूत नीट कातता येत नाही. म्हणून तो उशा-गाद्यांत गेला. आतून पोकळ, वरून मेणचट, त्यामुळे पाण्यात भिजत नाही. म्हणून एके काळी जहाजांवरच्या जीवरक्षक जाकिटांत भरत. 'कपोक' हा शब्द मलय 'कापुक'वरून आला, आणि जावा बेटावर या झाडांच्या मोठ्या बागा होत्या. मलयमध्ये शेतातल्या कापसाला 'कापास' म्हणतात, तो संस्कृत 'कर्पास'चा वंशज. आपल्या 'कापूस'चं नातं त्या कापासशी आहे, कापुकशी नव्हे.

'पांढरी सावर' हे नाव मराठीत रुळलेलं आहे, फुलांच्या रंगावरून ते समजतंही. फक्त 'सावर' या शब्दाखाली आणखीही झाडं येतात. सोनसावर म्हणजे गणेर, पिवळ्या फुलांची. ती तर शेंदरीच्या कुळातली, म्हणजे नात्याने बरीच लांब. काटेसावर, पांढरी सावर, भेंडी, जास्वंद आणि खुद्द कापूस ही सगळी हल्ली एकाच कुळात धरतात. आणि 'शेवरी' लिहिण्याची चूक नको, ते शेंगा धरणारं वेगळंच झुडूप.

तुमच्या वाक्यात आणखी एक अडचण आहे. जंगल सदाहरित असलं तरी हे झाड पानझडी आहे. बुंध्याशी भिंतींसारखी आधारमुळं पसरून ते जंगलाच्या छताच्याही वर डोकं काढतं, कोरड्या दिवसांत पानं टाकतं आणि बहुधा त्याच उघड्या फांद्यांवर फुलतं. तेव्हा असं लिहा: 'ॲमेझॉनच्या जंगलात कपोकची झाडं साठ मीटरपर्यंत उंच वाढतात. आपल्याकडे या झाडाला पांढरी सावर म्हणतात.' पुढे एकच नाव चालवा आणि लिंग सांभाळा: सावर फुलते, कपोक फुलतो.