सूत्रे पाठ, तरी गणित अडते

"सूत्रे तोंडपाठ आहेत, पण प्रक्षेप्य गतीचे, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या गतीचे गणित समोर आले की हिचा हात थांबतो, हिला भौतिकशास्त्र झेपणार नाही का?" मालवणजवळच्या गावातून अकरावीतल्या लेकीला घेऊन आलेल्या आईचा हा प्रश्न होता. पहिली घटक चाचणी झाली की हाच प्रश्न घेऊन येणारे पालक मला दरवर्षी भेटतात. मोबाईलची आणि झोपेची चौकशी मी नंतर करते. आधी उत्तरपत्रिका मागते.

गणित साधे होते. २० मीटर उंच तटावरून सेकंदाला १५ मीटर वेगाने आडवा फेकलेला दगड पायथ्यापासून किती अंतरावर पडेल? गुरुत्वत्वरण, म्हणजे पडताना दर सेकंदाला वाढणारा वेग, १० धरायचे होते. मुलीने पडण्याचे समीकरण अचूक लिहिले होते, मात्र त्यात सुरुवातीच्या उभ्या वेगाच्या जागी शून्याऐवजी १५ घातले होते. दुर्दैव असे, की तसे केल्यावरही एका सेकंदात त्या वेगाचे १५ आणि गुरुत्वाचे ५ मीटर मिळून बरोबर २० होतात आणि वेळ नेमका १ सेकंद येतो. इतक्या सुबक उत्तरावर शंका कोण घेणार? त्यावर लाल फुली पाहून आपल्याला यातले काहीच कळत नाही, अशी तिची समजूत झाली होती.

मी विचारले, "माडावरून गड्याने एक नारळ सरळ सोडला आणि त्याच क्षणी दुसरा, विहीर चुकवायला, आडवा भिरकावला, तर आधी कोणता पडेल?"

"सरळ सोडलेला. दुसऱ्याला लांब जायचे आहे ना, मॅडम."

वाद न घालता मी टेबलाच्या कडेशी पट्टी ठेवली, एक नाणे तिच्या बाहेर आलेल्या टोकावर आणि दुसरे तिला लागून कडेवर ठेवले, आणि तिला डोळे मिटायला सांगून पट्टीला टिचकी मारली. एक नाणे जागच्या जागी खाली आले, दुसरे दाराकडे उडाले, आणि आवाज मात्र एकच आला. तिने स्वतः चार वेळा करून पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे १५ चा पडण्याशी संबंधच नाही?"

या दोन गती वेगळ्या काढून गॅलिलिओने १६३८ साली प्रक्षेप्याचा मार्ग समजावून दिला. तेव्हा अकरावीच्या मुलीला त्या आपोआप वेगळ्या दिसाव्यात, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. आम्ही कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे आडवा वेग १५, तो शेवटपर्यंत तेवढाच, कारण हवेचा अडथळा धरायचा नव्हता. उजवीकडे उभा वेग सुरुवातीला शून्य, त्वरण १०, उंची २०. रेघ ओलांडण्याची मुभा फक्त वेळेला. उजवीकडून २ सेकंद आले, डावीकडे गेले आणि अंतर ३० मीटर निघाले.

पंधरा दिवसांनी ती ३० अंशांत, सेकंदाला २० मीटर वेगाने फेकलेल्या चेंडूचे गणित सोडवून घेऊन आली. सर्वोच्च बिंदूपाशी तिने "वेग शून्य" असे लिहून ते खोडले होते, आणि रेघेच्या डावीकडे आडवा वेग १७.३ मांडला होता.